कागबेनीची दोन माणसांची खोली

तेरवी आटोपून पाहुणे आपापल्या गावी परतले होते. घरात मी एकटीच होते आणि दुपारी यांचा फोन वाजला. नंबर परदेशातला दिसत होता. उचलला तर पलीकडून एक बाई हिंदीत बोलू लागली. तिच्या आवाजामागे वारा नुसता घोंगावत होता.

"भाईसाब नहीं हैं? मैं कागबेनी से बोल रही हूँ, लॉज वाली. कमरा पक्का कर दूँ न? दो लोग?"

मी बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात नर्स आहे. वॉर्डाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आत काय झालं ते सांगणं, हे मी अर्धं आयुष्य करत आले आहे. आवाज किती खाली ठेवायचा, सांगून झाल्यावर किती वेळ तिथेच थांबायचं, सगळं अंगवळणी पडलेलं. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "हौ, दो लोग."

कागबेनी नेपाळात आहे, मुस्तांगच्या वाटेवर, उंच कोरड्या डोंगरांत. आमच्या घरातल्या कुणी ते गाव पाहिलेलं नाही. हे वीज मंडळात होते. बैहरकडच्या जंगलातल्या लाइनी बघायला मोटारसायकलनेच जायचे आणि सुट्टीच्या दिवशीही त्यांना मोटारसायकलच हवी असायची. मी मागे. पचमढी, अमरकंटक, सगळं मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सुरुवातीला वळण आलं की मी ताठ व्हायची. ते म्हणायचे, "अवो, गाडी झुकली का तूबी झुकजो. भेव नको खाऊ." पुढे इतकी सवय झाली की मी डोळे मिटूनही त्यांच्याबरोबर झुकायची.

निवृत्तीआधी एकदा परदेशातला घाट चढायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. गोरखपूरवरून सीमा ओलांडायची, पोखरा, बेनी आणि मग काली गंडकीच्या काठाकाठाने वर. रोज जेवण झालं की त्या रस्त्याचे व्हिडिओ पाहत बसायचे. मी थंडीचं काढलं की त्यांच्या खरखरीत आवाजात म्हणायचे, "चहा पित राहाचा अन् पुढं सरकत राहाचं." लॉजवालीला तर रस्त्याची हालहवाल विचारायला इतक्यांदा फोन केला की ती ओळखीचीच झाली. पुढच्या दिवाळीनंतर जायचं होतं. पण संक्रांतीच्या आधीच एका सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता ते खाली बसले. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्या छातीवर मीच दाब देत होते. ते गेले हे हातांना कळलं होतं, तरी थांबवत नव्हतं.

त्यानंतर बालाघाटात ज्याला त्याला ठाऊक झालं. भाजीवाली माझ्याशी हळू बोलू लागली. दवाखान्यात मला जड ड्युटी देईनात. फक्त कागबेनीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे एका खोलीत ते अजून यायचे होते.

म्हणून मीच तिला फोन करू लागले. बर्फ उतरला का, दरड कुठे पडली, वारा किती वाजता सुटतो. शेवटी ती हमखास विचारायची, "भाईसाब कैसे हैं?"

"ठीक हैं. ड्यूटी पर हैं."

असं सांगून फोन ठेवला की मी जरा वेळ फाटकाकडे बघत राहायची.

तिला विचारायला काही हवं म्हणून मी नकाशा उघडून बसायची. कुठल्या गावानंतर डांबर संपतं, पेट्रोल कुठे भरायचं, हे हळूहळू पाठ झालं. एक दिवस माझ्या लक्षात आलं, मी खरंच जायचं ठरवते आहे. नागपूरहून मुलगी फोनवर ओरडली, "आई, सच बता, तू चलाएगी? तुझे स्कूटी के आगे कुछ आता है क्या?" मला येत नव्हतं. मी खैरलांजीकडे राहणाऱ्या माझ्या दिराला बोलावलं.

तो आला, मोटारसायकलवरचं फडकं काढलं आणि बराच वेळ सीटवर हात ठेवून उभा राहिला.

"वहिनी, काहून जीव धोक्यात घालून राह्यल्या? दादा असते तं गोष्ट वेगळी."

"ते नाहीत म्हणूनच शिकव म्हणते."

त्याने चावी मागितली. लालबर्रा रस्त्यावर सकाळी सकाळी तो मला क्लच सोडायला शिकवायचा. दोनदा पडले, नडगी सोलून निघाली. पावसाळा सरला तसा तो म्हणाला, आता गांगुलपाऱ्याचा घाट.

मी पुढे आणि दीर आपल्या गाडीवर मागून. पहिल्या वळणावर मी गाडी झुकवली आणि मागे वजन झुकलं. गाडीचं नव्हे. गाडीचं वजन एव्हाना मला माहीत झालं होतं. हे माणसाचं होतं, सवयीने, क्षणभर आधी झुकणारं. पुढच्या वळणालाही तेच. माझी पाठ कोमट झाली होती. मी आरशात पाहिलं नाही. वर सपाटीवर पोचून गाडी उभी केली, तेव्हा दीर येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही टाकीले चिकटून काहून बसता? मागं कोणाले जागा दिल्यावाणी."

मी म्हटलं, "सवय नाही अजून."

त्याने मागच्या सीटकडे पाहिलं आणि मान वळवली.

मग कागदाचं निघालं. सीमेवर गाडीचा परवाना ज्याच्या नावावर गाडी त्याला मिळतो, आणि गाडी यांच्या नावावर होती. परिवहन कार्यालयातल्या बाबूने मृत्यूचा दाखला मागितला, गाडीचं जुनं नोंदणी पुस्तक उलटसुलट केलं आणि मला विचारलं, "पुराने मालिक आपके कौन थे?" चांगला माणूस होता, बसायला खुर्चीही दिली. पण घरी आले ती ते दोन शब्द घेऊनच. चप्पलसुद्धा काढली नाही. कागबेनीला फोन लावला आणि वॉर्डाच्या दाराशी सांगते तसं, खालच्या आवाजात, सांगून टाकलं.

पलीकडे नुसता वारा. मग ती म्हणाली, "दीदी, मैंने तो यहाँ सबको बोल रखा है कि वो आएँगे. अब मैं किस-किस को बताऊँ?"

 मग तिनेच विचारलं, एक खाट बाहेर काढू का? मी म्हटलं, राहू द्या. तिने फोन ठेवल्यावर मी मोठ्याने रडले, ते गेले त्या दिवशी रडले नव्हते तशी.

आता दीर आणि जाऊ दोघंही सोबत येणार आहेत, धान कापून झालं की. माझी रजा मंजूर झाली. परवा जाऊ सामान बघायला आली. गोंदियाच्या पलीकडे ती कधी गेलेली नाही. अंगणात बसून रेनकोट अंगाला लावून बघत होती. तिने विचारलं, "ताई, तिथं थंडी लय असते काय?"

मी मोजे जोडून ठेवत होते. मान वर न करताच म्हणाले, "काही होत नाही वो. चहा पित राहाचा अन् पुढं सरकत राहाचं."

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं. शब्द माझे नव्हते आणि आवाजही खरखरीत, जाडा निघाला होता. मी वर पाहिलं. जावेने रेनकोट मांडीवर टाकला होता, पदर डोक्यावर ओढला होता आणि ती नजर खाली घालून बसली होती. यांच्यासमोर, आपल्या थोरल्या भासऱ्यांसमोर, ती नेहमी तशीच बसायची.