फुटामागे एक सूत

दिनकर कांबळे सरांची नि माझी पहिली गाठ भांडणानंच पडायची, ते थोडक्यात टळलं. सरांनी यंदा पंच्याहत्तरी गाठली. त्यांच्या गौरवग्रंथात मीही लिहावं, असं मंडळींनी ठरवलं. माझी शाळा सातवीत सुटलेली. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मी पॅटर्न मेकर होतो, म्हणजे ओतकामाआधी लाकडाचा नमुना करून देणारा मिस्त्री. पुढं जे काही वाचलं, ते सरांच्या कपाटातून आणून. तेव्हा लिहिण्यात खाचखळगे राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सर आमच्या गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. गाव कागलहून आत, हमरस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका रविवारी सर एक रिकामी लाकडी चौकट आणि कागदावरचा नकाशा घेऊन माझ्या दारात आले. कोल्हापूर जिल्हा उठावाचा करून पाहिजे होता. पश्चिमेचे डोंगर हाताला लागले पाहिजेत, नद्यांच्या खोबणीत पोरांची बोटं फिरली पाहिजेत. मी चार रविवार खपलो आणि जिल्हा डोक्यावर घेऊन शाळेत गेलो. तो चौकटीत बसेना. अर्धा इंच मोठा.

मी चौकट करणाऱ्या सुताराच्या नावानं तोंड सोडलं. सरांनी माझ्या खिशातली पट्टी काढून घेतली आणि त्यांच्या पट्टीशेजारी ठेवली. माझी पट्टी फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून आमचा लाकडी नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो, आणि त्यासाठी आमची पट्टीच मुळात लांब असते. हाताला तीच सवय. मी सगळा जिल्हा फौंड्रीच्या मापानं केला होता.

सर म्हणाले, "मिस्त्री, तुमची पट्टी खोटी न्हाय आणि माझीबी न्हाय. पण एकाच्या पट्टीनं दुसऱ्याची चौकट मोजली की असं हुतंय."

नकाशाला त्यांनी रंधा लावू दिला नाही. चौकट नवी केली. माझी पट्टी मात्र मागून घेतली, आणि दरवर्षी प्रमाणाचा धडा आला की दोन्ही पट्ट्या पोरांच्या हातात देऊ लागले. मी मागितली तर म्हणायचे, "ती आता शाळेची झाली."

सरांचे विद्यार्थी कुठं कुठं गेले. कुणी जर्मनीत कारखान्यात, कुणी सौदीत, नेसरीकडची एक मुलगी मामाकडं राहून इथं शिकली आणि न्यूझीलंडात नर्स झाली. सर निवृत्त होऊनही त्या सगळ्यांचे फोन नंबर वहीत लिहून ठेवायचे. करोना आला आणि ती वही कामाला लागली. सर रोज सकाळी एकेकाला फोन लावून एकच विचारायचे, "तुझ्या गल्लीत काय चाललंय ते सांग." मग ग्रामपंचायतीपुढच्या फळ्यावर खडूनं देशादेशांचा हालहवाल लिहायचे. कोरियात तपासण्या करून रोगी हुडकले. तैवानला मागच्या एका साथीची आठवण होती, ते आधीच सावध झाले. इटलीत दवाखाने अपुरे पडले. लोक अंतर राखायला आखलेल्या चुन्याच्या गोलांत उभं राहून वाचायचे. आदल्या दिवशीचं काही चुकलं असेल, तर सर ते पुसायचे नाहीत. वर एक रेघ मारायचे, शेजारी बरोबर काय ते लिहायचे. चूकही वाचता आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

पानाच्या टपरीवाल्या बंडूनं एकदा विचारलं, "सर, स्वीडनमधी बारक्या पोरांच्या शाळा चालू हायत म्हणं. मग माझ्या टपरीनं काय घोडं मारलंय?"

"तुझ्या घरात माणसं किती?"

"नऊ."

"खोल्या?"

"दोन हायत की."

"मग स्वीडनची पट्टी तुला लागू न्हाय. घरात बस."

गोलागोलांतले सगळे हसले. बंडूही हसला.

पण सरांचीही एकदा चूक झाली, आणि ती माझ्या लेकीवर बेतली. फळ्यावर सरांनी लिहिलं होतं, 'न्यूझीलंडनं दार लावलं. आजार बाहेर राहिला.' गावानं तेवढंच वाचलं. दुसऱ्या दिवशी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद झाला. मीही एक फांदी ओढली होती, हे कबूल करतो.

आठवड्याभरानं भर दुपारी लेकीचा फोन आला. सुनंदाला सातवा महिना. पुण्यात जावयाचं काम बंद, घरमालक रोज खोली सोडा म्हणत होता. रीतसर पास काढून दोघं गाडीनं निघाली होती. ती म्हणाली, "आबा, आम्ही वेशीवर हाय. गाडीवाला परत जातो म्हणतोय. आत सोडत न्हाईत."

मी पळत गेलो. फांद्यांच्या पलीकडं चिंचेखाली माझी लेक ट्रंकेवर बसलेली, पाय सुजून खांबासारखे झालेले, जावई शेजारी उभा. अलीकडं सरपंच उभे. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता.

"मिस्त्री, तुमची लेक ती माझीबी लेक. पण एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागंल. सरांनीच लिवलंय की, दार लावा म्हणून."

मी तसाच सरांच्या दारात गेलो आणि नको ते बोललो. म्हणालो, तुमच्या न्यूझीलंडानं माझी पोर वेशीबाहेर बसवली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वही उघडून त्या नर्स मुलीला फोन लावला आणि बोलणं मलाही ऐकू येईल असं केलं. "बाई, तुमच्या देशानं दार लावलं, मग तुमचीच माणसं बाहेर अडकली असतील, त्यांचं काय केलं?"

ती म्हणाली, "सर, त्यांना येऊ देत्यात की. हॉटेलात चौदा दिवस वेगळं ठेवत्यात, मग घरी. मी तिथंच ड्यूटीला हाय."

सरांनी तोंडाला गमछा बांधला. वय सत्तर, साखर वाढलेली, बाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. ते फळ्यापाशी गेले, अजून तशीच असलेल्या त्या ओळीवर रेघ मारली आणि लिहिलं, 'दार लावलं, पण घरच्या माणसाला बाहेर ठेवलं नाही. चौदा दिवस वेगळी खोली, मग घर. हे विचारायचं राहिलं. चूक माझी.' खाली सही केली. मग वेशीवर आले.

सरपंच म्हणाले, "सर, तिकडं हॉटेलं हायत. आपल्याकडं काय हाय?"

"शाळा हाय की. भूगोलाची खोली मोठी, दोन खिडक्या, संडास शेजारीच."

"आणि कुणाला काय झालं तर?"

"तर फळ्यावर माझं नाव लिवलंय. मला धरा."

सरपंचांनी फांदीला हात घातला. दुसरं टोक मी धरलं.

ते चौदा दिवस मी विसरणार नाही. सरांनी स्वतःच्या घरची खाट पाठवली. पटांगणात लिंबाखाली खुर्ची टाकून ते रोज सकाळ-संध्याकाळ बसायचे आणि खिडकीतल्या सुनंदाला लांबूनच दरडावून विचारायचे, "ताप? खोकला? पाणी किती प्यालीस?" ती म्हणायची, "सर, तोंडी परीक्षा घेताय व्हय?" बुद्धपौर्णिमेला सरांच्या मंडळींनी केलेली खीर डब्यातून तिच्या उंबऱ्यापाशी आली. त्याआधी आमच्या गल्लीतलं कुणी सरांच्या वस्तीतल्या घरचं कधी खाल्लं होतं का, ते मी सांगत बसत नाही. सुनंदानं डबा चाटूनपुसून धुऊन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं त्यात धपाटे भरून सरांकडं पाठवले. ते येणं-जाणं अजून चालू आहे.

पंधराव्या दिवशी लेक जावयासोबत आपल्या पायांनी चालत घरी आली. तिच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. पुढं मुंबईहून आलेली कितीतरी घरं त्याच शाळेतून गावात आली. फांद्या सरपणाला गेल्या. नात सुखरूप झाली.

सुनंदा सांगते, पाठ अवघडली की ती भिंतीवरचा माझा नकाशा बघत पडायची आणि कागलपासून आपल्या गावापर्यंत नजरेनं चालत यायची. ती अर्ध्या इंचाची चूक तिच्या उशाशी चौदा दिवस होती.

सरांनी आम्हाला जग मोजायला शिकवलं, आणि मोजताना आपण चुकलो तर सही करून सांगायला शिकवलं. त्यांच्या प्रकृतीची काळजी घेणारे आता आम्ही पुष्कळजण आहोत. गोड खाताना दिसले तर सुनंदाच त्यांना दरडावते. माझं मागणं एवढंच आहे, की सरांना पुढलं आयुष्य मापून देताना शाळेतली त्यांची पट्टी कुणी वापरू नये. शेजारी माझी टांगलेली आहे, ती घ्यावी. काळ कितीही आकसला तरी ती फुटामागे एक सूत जास्तच देते.