शेत भावाला, पाप मला

जवळ ये गं जरा, कान धरायचाय तुझा. तू टिटवाळ्याला, मी डोंबिवलीत, म्हणून कागदावरच धरते. पोर दीड महिन्याची झाली तरी आत्याला तिचं तोंड दाखवलं नाहीस! फोटो पाठवतेस तोही ओठावर दुपट्याचं टोक ओढून. आणि काल तुझ्या बापाच्या फोनवरनं कळतं, येत्या अमावास्येला तू शांतीला बसणार. का, तर पोरीचा ओठ फाटका आला तो आजोबांच्या पापानं.

शिसारी आली मला. फोन ठेवला आणि आधी चूळ भरली.

पाप झालं होतं, नाही कोण म्हणतंय? तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विधवा भावजयीचा अंगठा घेतला. रेशनकार्डाचा कागद आहे म्हणाले. निघाला तिच्या वाटणीच्या शेताचा. काकू आमच्या अंगणात उभी राहून कडाकडा बोटं मोडत होती आणि वडील आत भात कालवत होते. जेवले, ढेकर दिला, आडवे झाले. मी बारा वर्षांची होते. तो ढेकर अजून कानात आहे माझ्या.

पुढे मी लग्न होऊन कल्याणला गेले. माझी दोन बाळं जन्मताच गेली. तेव्हा माहेरच्यांना एकदम देव आठवला. तुझा बाप म्हणाला, "ताई, बाबांचं पाप तुझ्या पोटी आलंय. शांती करून टाकू." ओल्या साडीत बसवलं मला. पुढ्यात कणकेचा नाग, वर सोन्याचा एवढासा नाग दान. शेत परत करावं असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. नंतर पंगत बसली. जिलेबी होती, दोनदा वाढली.

आठ दिवसांनी हाच भाऊ मला कचेरीत घेऊन गेला, हक्कसोड लिहून घ्यायला. आपल्यात बहिणी सही करतात, साडी घेतात, गप घरी येतात. नाही केली तर माहेर बंद. पण मी काही माहेरासाठी सही केली नाही गं. मला वाटलं, शेतावरनं माझं नाव गेलं की माझ्यावरचं पापही जाईल. चक्क हलकी होऊन घरी आले, वेडी! नंतर कूस उजवलीच नाही. शेत भावाला गेलं आणि पाप तेवढं मला ठेवलं. त्या साडीचं मी पायपुसणं केलं.

मग एक दिवस काकू आली. विठ्ठलवाडीला खोली घेऊन राहायची, चार घरची भांडी घासायची. पदरात सुके बोंबील बांधून आणलेले. मी तिचे पाय धरले, म्हटलं, "काकू, शाप मागे घे." ती उलट माझ्यावरच डाफरली.

"अगो पोरी, मी तुझ्या बापाला शिव्या दिल्या. तुला कशाला देऊ? देव काय आंधळा हाय, शेत खाल्लं कोणी नि मारतोय कोणाला?"

मग बसून तिनंच बोंबील भाजले, आणि आम्ही दोघी जेवलो. तेवढी एकच शांती मला लाभली.

आता काकू नाही. तिची लेक अजून तिथंच भाड्यानं राहते. काकूच्या शेतावर टॉवर आलाय आणि त्यात तुझा बाप बाराव्या मजल्यावर राहतो. काल तो म्हणतो, "ताई, तूही ये, मोठ्या बाईचा हात लागलेला बरा." मी म्हटलं, "आधी काकूच्या लेकीला त्यातली एक खोली दे. मग येते, कणीकही मीच मळते."

हसला गं तो! म्हणाला, "ताई, पाप वेगळं, प्रॉपर्टी वेगळी."

ऐकलंस? लाज नाही वाटत! आजोबांचं शेत याला, आणि पाप दीड महिन्याच्या लेकराच्या ओठावर! असा न्याय करणारा देव असलाच, तर मी त्याच्यापुढे उदबत्तीसुद्धा लावणार नाही. पण देव तसा नसावा. तशी आपलीच माणसं आहेत.

तू त्या पाटावर बसू नकोस. एकदा बसलीस की मनात कायमचं बसतं, माझं बसलं होतं. आणि उद्या बापानं सहीला बोलावलं तर आधी मला फोन कर.

डॉक्टर तिसऱ्या महिन्यात टाके घालणार म्हणालेत ना? त्याआधी ये. रविवारीच ये. दुपटं खाली घेऊन, उघड्या तोंडानं आण तिला. ती आत्ता हसते कशी, ते मला बघायचंय.