सूर्याची दोन खोटी पानं

आमच्या कॉलेजची वेधशाळा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. छप्पर ढकललं की बाजूला सरकायचं. दुर्बीण तीन इंची. तरी ऐंशी सालाच्या आसपास नाशकात रोज सूर्याचे डाग टिपणारे आम्हीच, याची मला घमेंड होती, अजून आहे. सकाळी नऊला सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची, आखलेल्या वर्तुळात डाग पेन्सिलीने उतरवायचे, खाली वेळ आणि सही. ढग असले तर वर्तुळ कोरं ठेवायचं. हे काम माझं. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होतो.

एकदा मेहुणीच्या लग्नाला देवळ्याला गेलो आणि दोन दिवसांची पानं बुडाली. परतल्यावर आधीचं आणि नंतरचं पान समोर ठेवलं, मोठ्या डागाच्या वाटेचे तीन सारखे भाग केले आणि मधली दोन पानं भरून टाकली. सहीही ठोकली.

ती पानं वाट्याला आली बी.एस्सी.च्या एका मुलीच्या. घरचा भाजीचा मळा. सकाळी मेथीच्या जुड्या बांधून मग ती कॉलेजला यायची. सूर्य स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो हे तिने काढायचं आणि पुण्याला विद्यार्थ्यांच्या संमेलनात मांडायचं, असं ठरलं होतं.

ती वही घेऊन विभागप्रमुखांकडे आली तेव्हा मी तिथेच होतो.

“सर, या दिवसांत सूर्य आधी रेंगाळतो आणि मग एकदम पळतो.”

“पळतो? कुणी मागे लागलंय का त्याच्या?” सर हसले. “मोजताना चुकलीस.”

“तीनदा मोजलंय सर.”

“मग चौथ्यांदा मोज. नाही जमलं तर पुण्याला दुसरं कुणी जाईल.”

मला लगेच कळलं. सूर्य गोल; काठाकडे जाताना डागाचं रोजचं अंतर आखूड होत जातं. हे मीच दरवर्षी फळ्यावर शिकवायचो, आणि भाग मात्र सारखे केले होते. तोंड उघडलं नाही. आठ दिवस. वर्गातली पोरं तिला म्हणायची, “काय गं, सूर्याला नापास केलंस म्हणे.” ती आकडे बदलायला तयार नव्हती.

नवव्या दिवशी सरांसमोर तिला बोलावलं आणि सांगून टाकलं. सरांनी वही उघडून ती दोन पानं पाहिली. मग म्हणाले, “पुण्याला हीच जाईल. तुमचं काय करायचं ते नंतर बघू.”

तिने मला एवढंच विचारलं, “सर, बाकीची पानं?”

“खरी आहेत.”

“मी तपासू?”

पुण्याहून आल्यावर तिने दोन वर्षांची पानं बाहेर काढली. पंधरा दिवस दुपारी पट्टी घेऊन बसायची. मी खाली जीव मुठीत धरून प्रॅक्टिकल घेत होतो. खोटं एकही निघालं नाही. शेवटी पानांच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, “हात चांगला आहे सर तुमचा. कशाला केलंत ते?”

किल्ली उचलून मी खिशात टाकली. मी शिकवलेल्या मुलीने मला पकडलं, याचा अभिमान मी इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नाही. त्यासाठी आधीचं सगळं सांगावं लागलं असतं.