आयत्या वाकलेल्या पाठी

"ए बाई, अजून वाक. अजून. पट्टी ताणली गेली पाहिजे."

हे माझे सर बोलले. माझ्या आईला. भर शेतात, वाडीतल्या सगळ्या बायकांसमोर. सर वयानं तिच्याहून लहान. पायात नवे गमबूट, आणि उभे कुठं, तर बांधावर. आई गुडघाभर चिखलात, हातात भाताच्या रोपांची मूठ, पाठीवर आमच्या प्रयोगशाळेतली सोलर पट्टी. मी मोबाईल धरून व्हिडिओ काढत होते.

मी सरांकडे पीएचडी करत होते. दिग्गी गावाच्या पलीकडं, रानात आमची वाडी. वाडीत वीज नाही. वाघाचं रान, त्यातून तार ओढता येत नाही म्हणतात. वाघाला अंधार लागतो आणि आम्हाला चालतो, असा हिशेब. म्हणून मी उजेडाचाच विषय घेतला.

पट्टी समजायला सोपी आहे. उन्हावर वीज करणारा पातळ पापुद्रा ताणला की तडकतो. म्हणून त्याला चिरा द्यायच्या, एकाआड एक. मांडवाला लावायची कागदी जाळी करतो ना, घडी घालून दोन्हीकडून कातरायची आणि ओढली की लांब होते, तसंच. चिरा उघडतात, पापुद्रा शाबूत राहतो. अंगावर बांधता येईल अशी वीज. त्या चिरांची नक्षी मी डोळे फोडून बसवली होती.

चाचणी हलत्या अंगावर हवी होती. सर म्हणाले, तुमच्याकडं लावणी असेल ना आता, जाऊ या. मी हरखले. सर आमच्या घरी येणार! आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वानं आदल्या दिवशी सगळं घर सारवून काढलं.

पावसानं उघडीप दिली होती. लावणीला आलेल्या माझ्या काकूनं पट्टीकडं बोट करून विचारलं, "पोरी, हे आमच्याकडं ठेवून जाणार व्हय?" सर हसले. म्हणाले, हे परदेशी कंपनीला दाखवायचंय, खेळणं नाही. आणि मग, अगदी सहज, चहा मागावा तसं, "टेस्टिंगला इथं आलो, कारण अशा आयत्या वाकलेल्या पाठी शहरात कुठं मिळतात?"

मी व्हिडिओ काढत राहिले.

आमच्यात लावणीची एक रीत आहे. काम चालू असताना बांधावर रिकामं कुणी उभं राहायचं नाही. राहिलाच तर उतरून एक मूठ तरी लावायची. नाही लावली तर बायका त्याला चिखल फासतात. गावचा मुखिया, गावकार असो नाहीतर नवा जावई, सुटका नाही. सरांना मात्र तोवर एकीनंही चिखल फासला नव्हता. पोरीचे सर आहेत म्हणून. माझ्या शिक्षणाची अब्रू राखायला त्या बायकांनी आपली रीत गिळली. याची मला सगळ्यात जास्त चीड आली.

ऊन ढगाआड जायला लागलं. सरांची घाई वाढली. अजून वाक. अव्वाची कंबर कधीचीच गेलेली. ती वाकली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लहानपणापासून ओळखते. सर म्हणाले, हां, आता बरोबर ताणली.

पट्टी ताणली. त्यांना तेवढंच दिसलं.

मी मोबाईल बंद केला. चिखलात उतरले. अव्वाच्या पाठीवरची पट्टी सोडली आणि बांधापाशी येऊन सरांच्या हातात दिली.

"सर, बांधून घ्या. उतरा. तुमच्या पाठीवर चाचणी पुरी करू."

सर लालबुंद झाले. "कुणाशी बोलतेयस? तुझी डिग्री माझ्या सहीवर आहे."

आहे. मला ठाऊक होतं. तरी मी त्यांच्यासमोरून हलले नाही. सर उतरले नाहीत. पट्टी घेऊन पाठ फिरवली, तशी काकू पुढं झाली आणि तिनं मूठभर चिखल त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर पाठीच्या मधोमध फासला.

"रीत हाय, सायेब. राग धरू नका."

"रानटी लोक," म्हणाले सर. चोराच्या उलट्या बोंबा.

प्रयोगशाळेतलं माझं टेबल आता दुसऱ्या कुणाला दिलंय. माझी नक्षी मात्र त्यांनी ठेवून घेतलीय. अव्वाच मला समजावते, "माफी माग गे. माझ्या पाठीचं काय, रोजच वाकती ती."

नाही मागणार. दुसरा मार्गदर्शक शोधेन. नाही मिळाला तर घरी बसून कागदाला चिरा देत राहीन, पण ती पट्टी मी बनवणार. पहिली आमच्या वाडीत राहणार. चाचणीला पाठ लागलीच तर माझी. अव्वा वाकते ती भातासाठी, स्वतःच्या शेतात. तिला 'वाक' म्हणायचा हक्क कुणाच्या बापाला नाही.