पेशंटला आंघोळ कोण घालतं?

"मी सकाळी आठला कामावर जाते. मी पेशंटचा बीपी बघते. मी औषधं देते." ही तीन वाक्यं जर्मनमध्ये पाठ करायला मला आख्खा आठवडा लागला. 'मी नर्स आहे' म्हणतानाच जीभ तीनदा अडखळायची, मेली. दुपारी ड्युटीवरून केडगावच्या खोलीवर यायचं, दार लावायचं आणि भिंतीकडे तोंड करून बोलत सुटायचं. दुसरं होतंच कोण ऐकायला? एकदा घरमालकीणबाईंनी दार वाजवलं. "कोनाशी भांडती गं?" म्हटलं, "नोकरीशी, मावशी."

जर्मनीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या एका दवाखान्याची मुलाखत होती, मोबाईलवरच. आपलं काम त्यांच्या भाषेत नीट सांगता आलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा इथंच. इंजेक्शन, सलाईन, डॉक्टरांचा राउंड, मी सगळं घोकलं. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई ऐकून म्हणाल्या, "अगं, आंघोळ आणि जेवण राहिलं की! तिथं ते नर्सच करते."

मी चिडलेच. आमच्या नगरच्या वॉर्डात नर्स कशाला आंघोळ घालेल? बायको अंग पुसते, सून भरवते, भाऊ कॉटखाली चटई टाकून झोपतो. 'गर्दी कमी करा' असं ओरडून ओरडून आमचा घसा बसतो. तरी गुमान तीही वाक्यं पाठ केली.

मुलाखतीत पडद्यावरच्या बाईनं नेमकं तेच विचारलं. "तुमच्याकडे पेशंटला आंघोळ कोण घालतं?" माझं पाठांतर पार उडालं. खरं तेच तोंडातून गेलं, "त्याच्या घरची माणसं." तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि ज्याच्याजवळ कोणी नाही, त्याला?"

मला आई आठवली. वडील गेल्यापासून जामखेडला एकटी असते. मी एकुलती एक. मागच्या हिवाळ्यात तापानं तिथल्या दवाखान्यात तीन दिवस पडून होती. मला रजा मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर जर्मनची परीक्षा जवळ आली होती, म्हणून मी रजा मागितलीच नव्हती. शेजारच्या काकूंनी आईचं अंग पुसलं.

"मी," मी म्हणाले. "त्याला मी घालते."

निवड झाली. लगेच आईला फोन लावला. तिनं विचारलं, "तितं काम काय करायचं तुला?"

"म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, भरवायचं."

"आगं बया! त्यान्ला कोनी न्हाई का?"

"असतात गं. लांब असतात."

आई म्हणाली, "नीट घाल हां. लई कढत पानी लागतंय म्हाताऱ्या मान्सान्ला."

मी हो म्हटलं. तिला स्वतःला किती कढत पाणी लागतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. फोन ठेवला आणि त्या खोलीत मोठ्यांदा रडले. त्या दिवशी दार कुणी वाजवलं नाही.