उपकारस्तुती, वरच्या पट्टीत

त्या रविवारी उपासनेत मी गीत इतकं वर लावलं, की दुसऱ्या ओळीला पुरुषांची बाजू गप झाली, तिसरीला बायकांची, आणि चौथी ओळ मी एकट्यानेच मानेच्या शिरा ताणून देवाला ऐकवली. पाळकसाहेब बायबलात काहीतरी शोधत राहिले. तेलंगणातल्या बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरांत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची तेव्हा जेमतेम आठ-दहा घरं. गीत धरायला दुसरं कोणी पुढे येत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे आलेलं; गळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. माझं वर गेलं की समोरच्या सतरंजीवरून बायको उजवा तळहात हळूच खाली दाबायची, उतू जाणाऱ्या दुधाला थांब म्हणावं तसा, आणि मी उतरायचो. त्या दिवशी ती सतरंजीवर नव्हती. तापाने घरी पडली होती, आणि साधा हिवताप समजून मी तिला गोळी देऊन आलो होतो.

बुधवारी ती मला ओळखेना. मंचेरियलच्या दवाखान्यात नेईपर्यंत शुद्धही हरपली. ताप मेंदूत गेलाय, औषध चालू आहे, तुम्ही तिच्याशी बोलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण घरात बोलायचं काम तिच्याकडे होतं. मी स्टुलावर बसून भाजीचे भाव सांगितले, पोरांना वांकिडीला आजीकडे पाठवल्याचं सांगितलं, आणि संपलो.

प्रार्थना मात्र होईना. संकटातही मोठ्याने स्तुती करा, असं मी मंडळीला कितीदा तरी सांगितलं असेल. दुसऱ्याच्या संकटात ते फार सोपं जातं. आता माझ्या पोटात नुसता राग होता. खाणीच्या हजेरी ऑफिसात कारकुनी करणारा माणूस मी. देवाने आधी हजेरी लावावी, तिला उठवावं, मग गीताचं पाहू, असं मी त्याला मनातल्या मनात ठणकावून टाकलं.

शेजारच्या खाटेवर एका तेलुगू म्हातारीची लेक होती. म्हातारीला सगळा वॉर्ड अव्वा म्हणायचा. ती लेकीसाठी नाचणीची पातळ पेज आणायची, आणि मला न विचारताच अर्धा गिलास माझ्या हातात द्यायची. चौथ्या दिवशी दुपारी तिने माझ्या पिशवीतून डोकावणारं गीतांचं पुस्तक पाहिलं. तिच्या वाडीत आमच्यासारखे लोक आजाऱ्याजवळ येऊन गातात म्हणे. तुम्ही का गप, असं तिने तिच्या हिंदीत विचारलं. मी म्हटलं, बायको बरी झाली की गाईन.

अव्वा पेज ढवळत म्हणाली, “अच्छी हुए बाद तो सबीच गाते.”

एवढंच बोलून ती लेकीला भरवू लागली. माझ्या आजवरच्या सगळ्या उपदेशांपेक्षा ते लहान होतं, आणि नेमकं लागलं. मी पुस्तक काढलं. विश्वास वगैरे काही दाटून आला नव्हता, खरं सांगतो. तू हिला उठव किंवा ने, पण तू चांगला आहेस, हे एकदा तोंडाने मोठ्याने म्हणून पाहावं, एवढंच वाटलं. उपकारस्तुतीचं गीत सुरू केलं आणि सवयीप्रमाणे ते भलतंच वर लागलं. नर्सबाईंनी वळून पाहिलं. एक शब्द कळत नसताना अव्वा टाळी धरून बसली. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला, रडू आलं, तरी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

तिसऱ्या कडव्याला चादरीवर काहीतरी हललं. डाव्या हाताला सलाईन होतं. हलला तो उजवा. तळहात चादरीवर पालथा पडला, आणि त्याने हळूच खाली दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

मी सूर खाली आणला.

औषधाला यश आलं, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांचेही पाय धरले. हे काय होतं याचा वाद मी कोणाशी घालत नाही. चमत्कार म्हणायचाच तर मी अट न घालता तोंड उघडलं, तो म्हणा. तोपर्यंत मी देवाला गाणी दिली होती. त्या दुपारी पहिल्यांदा बायको त्याच्या हाती दिली. लेकीला घेऊन अव्वा आमच्या आधीच निघून गेली. तिचं गाव विचारायचं मला सुचलं नाही, ही चुटपुट अजून आहे.

बायकोला वॉर्डातलं काहीच आठवत नाही. ती पहिल्यांदा उपासनेला आली, तेव्हा मी उठून मंडळीला म्हटलं, आता गीत दुसऱ्या कोणीतरी धरावं, माझा गळा त्या लायकीचा नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर जरा जास्तच लवकर सुटका दिसली. तेवढ्यात सतरंजीवरून, अजून अशक्त आवाजात, ती म्हणाली,

“तुमीच लावा. वर गेलं तं खाली आणाले मी हाय न.”