कुणी न ढकलता चढणारा लंबक

कॉलेजातल्या हंगामी मॅडमचं काम ऐकायला सोपं होतं. मुलांनी प्रोग्राम लिहून संगणकाच्या पडद्यावर लंबक हलवायचा आणि तो नीट हलतो का, हे मॅडमनी तपासायचं. सासूबाई म्हणायच्या, "वही नाही, लाल पेन नाही, ही कसली गं तुमची परीक्षा?" मॅडम हसून वेळ मारून न्यायच्या. हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

तपासणीचा प्रोग्राम मुलांचं उत्तर विभागप्रमुखांच्या उत्तराशी ताडून पाहायचा, आणि विभागप्रमुखांचं उत्तरच चुकलेलं होतं. त्यांचा लंबक दर झोक्याला थोडा थोडा वर चढत जायचा, कुणी बोटही न लावता. वर्गही सरांच्याच टिपणांवरून प्रोग्राम लिहायचा. त्यामुळे सगळ्यांचे लंबक तसेच चढायचे आणि सगळे सुखाने पास व्हायचे.

मॅडमनी एकदा धीर करून ही गोष्ट सरांच्या कानावर घातली. सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "अहो, इतकी वर्षं चाललंय. बघू पुढे," ते म्हणाले, आणि त्याच दमात, "तुमच्या मुदतवाढीची शिफारस मीच लिहितोय, काळजी करू नका." मॅडम आपल्या खोलीत परतल्या. घर त्या नोकरीवरच चालत होतं.

यंदा एका मुलीला शून्य मिळालं. तिने टिपणं बाजूला ठेवून स्वतःचं डोकं चालवलं होतं. तिचा लंबक जेवढ्या उंचीवरून सोडला तेवढाच वर जायचा, खऱ्यासारखा. निकाल पाहून ती मॅडमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझं कुठे चुकलं? यात नापास झाले तर वर्ष जाईल माझं."

तुझं काही चुकलेलं नाही. एवढंच तर सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले आणि पलीकडच्या खोलीत सरांची खुर्ची करकरली.

"सरांची टिपणं नीट वाच," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत नव्याने लिहून दिलंस तरी चालेल." बोलताना त्यांना स्वतःची शरम वाटली, पण बोलून तर गेल्या.

संध्याकाळी मुलगी नवा प्रोग्राम घेऊन आली. मॅडमनी तो चालवून पाहिला. लंबक चढत चढत गेला आणि पैकीच्या पैकी गुण पडले. मुलीचा जीव भांड्यात पडला.

"मी उगाच शहाणपणा करायला गेले," ती म्हणाली. "आता ध्यानात ठेवीन. सरांशी जुळत नसेल तर आपलंच चुकलेलं असतं. तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंच नसतं, मॅडम."

मॅडमनी गुण भरले. "बरं," म्हणाल्या.